मुरलेल्या द्राक्षारसाची तीस वर्षांची परीक्षा

काना गावच्या विवाहसोहळ्याची कथा ऐकताना भोजनकारभाऱ्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रांजणांतला द्राक्षारस कोठून आला हे पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होते, त्याला नव्हते. कोणी केला, कोणत्या मळ्यातला, किती वर्षांचा, यांपैकी काहीही माहीत नसताना त्याने चव घेतली आणि तो उत्तम असल्याचे वराला बोलावून सांगितले. नाव झाकून द्राक्षारस पारखण्याची रीत ज्यांनी पुढे शास्त्राच्या पदवीला नेली, त्यांनी ह्या कारभाऱ्याला आपला मूळपुरुष मानायला हरकत नाही. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका परीक्षेविषयी. ती २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाली आणि तिचा निकाल पुरता लागायला तीस वर्षे जावी लागली.

विषय द्राक्षारसाचा म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. व्यसनाने धुळीला मिळालेली घरे आम्हीही पाहिली आहेत, आणि ज्या द्राक्षारसाविषयी आम्ही लिहीत आहोत तो चाखण्याचा योग आम्हांला अजून आलेला नाही, पुढे येईल असेही दिसत नाही. आम्हांला कुतूहल आहे ते एका प्रश्नाचे : जी वस्तू पंचवीस-तीस वर्षांनी उत्तम होणार आहे, तिची पारख आज कशी करावी?

आपल्याकडे नाताळसाठी काळ्या द्राक्षांचा रस साखर घालून बरणीत मुरवण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. नाताळात तो गोड लागतो. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत उरलाच तर आंबटतो आणि पावसाळ्यात ओतून द्यावा लागतो. जगातल्या बहुतेक द्राक्षारसाची गत थोड्याफार फरकाने हीच आहे. तो एक-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेला असतो. वर्षे लोटतील तसा सुधारत जाणारा तांबडा द्राक्षारस हा अपवाद होय.

हा अपवाद घडतो तो तुरटपणामुळे. सुपारी किंवा हिरडा चघळला की जीभ ओढल्यासारखी होते. तो गुण टॅनिन नावाच्या द्रव्यांचा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ती भरपूर असतात, आणि तांबडा द्राक्षारस सालीसकटच आंबवीत असल्याने ती त्यात उतरतात. ओकच्या पिंपांतूनही थोडी येतात. बाटली बुचाने बंद केल्यावर आत फार संथ गतीने काम चालते. टॅनिनचे आणि रंगाचे कण एकमेकांशी जोडले जातात, मोठे होतात, आणि त्यांतले काही जड होऊन तळाशी बसतात. मुरलेल्या द्राक्षारसाच्या बाटलीत जो साका दिसतो तो हाच. तुरटपणाची धार बोथट होते, रंग फिका होतो, ताज्या फळाचा वास मावळून त्याच्या जागी दुसरेच गंध येतात. लोणचे मुरते तेव्हा मीठ, मोहरी आणि कैरी यांच्या वेगवेगळ्या चवी जाऊन एकच चव उरते, तसे काहीसे. परंतु फळाचा कस मुळातच कमी असेल तर टॅनिन मऊ होईपर्यंत फळ संपून गेलेले असते, आणि बाटलीत उरते ते केवळ तुरट पाणी. सगळा धोका ह्यातच आहे, कारण पहिल्या पाच-सहा वर्षांत दोन्ही द्राक्षारस जिभेला सारखेच कठोर लागू शकतात.

जुन्या द्राक्षारसाचे वेड रोमन लोकांनाही होते. ओपिमियस कॉन्सल असतानाच्या, म्हणजे इ.स.पूर्व १२१ सालच्या, हंगामाची कीर्ती दोन शतके टिकली. प्लिनीच्या काळी त्यातला जो काही शिल्लक होता तो कडसर मधासारखा घट्ट झाला होता आणि दुसऱ्या द्राक्षारसाला चव आणण्यापुरताच वापरीत असत, असे तो लिहितो. पुढे मातीच्या बंद कुंभांची जागा लाकडी पिंपांनी घेतली. पिंपातला द्राक्षारस वर्षभरात बिघडू लागे, म्हणून कित्येक शतके युरोपात नवा द्राक्षारस महाग आणि जुना स्वस्त असा, आज उलटा वाटणारा, भाव होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काच होऊ लागली, बूच वापरात आले, आणि अठराव्या शतकात बाटली आडवी ठेवता येईल अशी सरळ नळकांड्याच्या आकाराची झाली. आडव्या बाटलीत बूच ओले राहते, आक्रसत नाही, हवा शिरत नाही. द्राक्षारस मुरवण्याची कला ह्या साध्या सोयीवर उभी आहे.

ह्या कलेचे माहेरघर म्हणजे फ्रान्समधील बोर्दो. तेथील दलालांनी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोक भागातील मळ्यांची पाच श्रेणींत यादी केली. ती त्यांनी चव घेऊन केली नाही. कोणाच्या द्राक्षारसाला बाजारात वर्षानुवर्षे काय भाव मिळत आला, एवढेच पाहिले. पहिल्या श्रेणीत लाफीत, लातूर, मार्गो ही तीन घराणी आणि मेदोकच्या बाहेरचे ओ-ब्रियों. मूतों-रोत्शिल्ड दुसऱ्या श्रेणीत राहिले आणि १९७३ साली वर चढले. त्या एका बढतीखेरीज पहिली श्रेणी आजतागायत तशीच आहे. अशा यादीची सवय झालेल्या माणसाला चव घेण्यापूर्वीच चव कळलेली असते!

दुसरा पक्ष कॅलिफोर्नियाचा. तेथे द्राक्षवेली नेल्या त्या फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी, अठराव्या शतकात, मुख्यतः मिस्साबलीसाठी. पुढे १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळात तेथील असंख्य मळे उजाड झाले. नापा खोऱ्यातील ब्योलियू हा मळा मात्र तगला, कारण त्याचे मालक जॉर्ज द लातूर यांच्याकडे चर्चला वेदीवरचा द्राक्षारस पुरवण्याचे काम होते. ह्याच द लातूर यांनी १९३८ साली पॅरिसहून आंद्रे चेलिश्चेफ नावाच्या रशियन निर्वासित तज्ज्ञाला आणले, आणि युद्धोत्तर नापातील एक पिढी चेलिश्चेफच्या हाताखाली किंवा सल्ल्याने तयार झाली. मिस्साच्या चषकाने राखलेल्या घरातून ही परंपरा पुढे गेली, हे आपल्या वाचकांना सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो क्षम्य मानावा.

ह्या पिढीतला एक वॉरन विनियार्स्की. शिकागो विद्यापीठातील अध्यापन सोडून तो नापात आला. एका शेजाऱ्याने घरी केलेला काबर्ने द्राक्षाचा रस १९६९ साली त्याने चाखला आणि त्या मळ्याला लागून असलेली आलुबुखाराची बाग विकत घेऊन १९७० साली तेथे वेली लावल्या. त्याच वेलींच्या १९७३ च्या फळापासून त्याने स्टॅग्ज लीप हा द्राक्षारस केला. तीन वर्षांच्या पोरवयाच्या वेली! दीर्घकाळ टिकणारा रस म्हाताऱ्या वेलीच देतात, हे त्या धंद्यातले जवळजवळ ब्रह्मवाक्य होते. दुसरा पॉल ड्रेपर, तत्त्वज्ञानाचा पदवीधर. सांता क्रूझच्या (मुंबईच्या नव्हे, कॅलिफोर्नियाच्या) डोंगरात, सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका इटालियन डॉक्टराने बांधलेल्या जुन्या तळघराच्या परिसरात तो काम करीत असे. त्या शतकातले जुने ग्रंथ वाचून आणि सालीवरच्या नैसर्गिक किण्वावर विसंबून. त्याच्या रिज मॉन्ते बेल्लोचा १९७१ चा हंगाम पुढे आपल्या कथेत येणार आहे.

पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज गृहस्थ द्राक्षारसाचे दुकान आणि शाळा चालवीत असे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिने इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात परीक्षा मांडली. नऊ फ्रेंच परीक्षक, सगळे आपल्या क्षेत्रातले मातब्बर. तांबड्या द्राक्षारसांत बोर्दोचे चार आणि कॅलिफोर्नियाचे सहा, नावे झाकलेली. गुण वीसपैकी. पाहायचे चार बाबींत : डोळा, नाक, जीभ आणि मेळ.

ह्या चार शब्दांत मुरण्याची सगळी पारख आली आहे, म्हणून येथे क्षणभर थांबतो. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरला की द्राक्षारसाची कड दिसते. कोवळेपणी ती जांभळी, मग माणकासारखी, मग विटकरी, आणि अखेरीस पिवळट तपकिरी. नाकाला कोवळेपणी फळ लागते. वयात आल्यावर देवदाराचे खोके, तंबाखूचे पान, कातडे, पावसानंतरचा पाचोळा, अळंबी असे गंध येतात, आणि काळ उलटला की शिरका. जीभ तुरटपणा आणि आंबटपणा तोलते. चौथी बाब सर्वांत अवघड. फळ, आंबट, तुरट आणि मद्यार्क यांतले कोणीही दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले नसावे. जाणकारांचे म्हणणे असे की हा मेळ कोवळेपणीच असावा लागतो. वय तो निर्माण करीत नाही, फक्त उघड करते.

आधी पांढऱ्या द्राक्षारसांची पाळी झाली. तिथे कॅलिफोर्नियाचा पेला हाती असताना एक परीक्षक आपण फ्रान्सला परतल्याचे समाधान बोलून दाखवू लागला! पहिला आला तो कॅलिफोर्नियाचाच. स्परियरने हा निकाल तांबड्यांची पाळी सुरू होण्यापूर्वीच जाहीर केला. तेव्हा तांबड्यांत तरी फ्रान्सची लाज राखावी म्हणून परीक्षक सावध झाले. तरीही पहिला क्रमांक विनियार्स्कीच्या स्टॅग्ज लीपला मिळाला, थोड्याशा गुणांनी. दुसरा १९७० चा मूतों, तिसरा मोंरोज, चौथा ओ-ब्रियों, पाचवा रिज. ओदेत कान ह्या नामांकित संपादिकेने आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने दिली नाही. हजर असलेला एकमेव पत्रकार ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. त्याच्या बातमीला ग्रीक पुराणातल्या पॅरिसच्या निवाड्याचा मथळा मिळाला आणि तेच नाव रूढ झाले.

फ्रेंचांचा आक्षेप लगेच पुढे आला, आणि आमच्या मते तो तर्काला धरून होता. बोर्दोचे सहा वर्षांचे द्राक्षारस अजून मिटलेल्या कळीसारखे आहेत. कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलेले फळ लवकर खुलते आणि लवकरच संपते. ही तुलना आज कराल तर पाहुणा जिंकणारच, वीस वर्षांनी या. ह्या युक्तिवादाची गंमत अशी की तो खोडून काढायला प्रतिपक्षाजवळ काळावाचून दुसरे साधन नव्हते.

दहा वर्षांनी, १९८६ साली, न्यूयॉर्कच्या फ्रेंच पाककला संस्थेत त्याच बाटल्यांची पुन्हा परीक्षा झाली. पांढरे मुळीच घेतले नाहीत, त्यांचे दिवस सरले होते. तांबड्यांतले नऊ होते. पहिला आला १९७२ चा क्लो द्यु व्हाल, जो पॅरिसमध्ये आठवा होता. नापात १९७२ चा हंगाम हलका समजत आणि ह्या मळ्याचा तो पहिलाच हंगाम. करणारा बर्नार पोर्ते मात्र लाफीतच्या व्यवस्थापकाचा मुलगा. म्हणजे जिंकला कोण, कॅलिफोर्निया की बोर्दो? दुसरा रिज. पॅरिसचा विजेता स्टॅग्ज लीप सहाव्या स्थानी घसरला आणि ओ-ब्रियों शेवटी गेला. त्याच वर्षी एका अमेरिकन नियतकालिकाने घेतलेल्या वेगळ्या परीक्षेत पहिला आला तो १९७० चा हाईट्झ. एकाच वर्षी दोन परीक्षा आणि दोन विजेते. तेव्हा क्रमांकांना फार कवटाळू नये हे खरे. एवढे मात्र दोन्ही परीक्षांनी दाखवले की कॅलिफोर्नियाचे द्राक्षारस मेले नव्हते.

चिठ्ठीवाचून जीभ किती लटपटते, याचा एक विपरीत पुरावाही येथे नोंदवावासा वाटतो. रूडी कुर्नियावान नावाचा तरुण जुन्या फ्रेंच बाटल्यांत स्वस्त फ्रेंच आणि कोवळे कॅलिफोर्नियन द्राक्षारस मिसळून ते दुर्मीळ म्हणून धनिकांना वर्षानुवर्षे विकत होता. २०१४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या गिऱ्हाइकांत नामांकित रसिक होते, आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर उघडी होती.

शेवटची परीक्षा २४ मे २००६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लंडनमध्ये आणि नापात एकाच दिवशी झाली. द्राक्षारस आता तेहेतीस ते सदतीस वर्षांचे झाले होते; बोर्दोवाल्यांनी मागितलेला वेळ पुरेपूर मिळाला होता. दोन्हीकडचे गुण एकत्र केले तेव्हा पहिला आला ड्रेपरचा १९७१ चा रिज मॉन्ते बेल्लो, दुसऱ्यापेक्षा बऱ्याच फरकाने. दुसरा स्टॅग्ज लीप. म्हणजे त्या तीन वर्षांच्या वेलींचा रस तेहेतीस वर्षे टिकला. तिसऱ्या जागी मायाकामास आणि हाईट्झ बरोबरीने, पाचवा क्लो द्यु व्हाल. मूतों सहावा, त्यामागे मोंरोज, ओ-ब्रियों आणि लेओविल-लास-काज.

रिजचा आलेख आम्हांला विशेष बोलका वाटतो. पाचवा, दुसरा, पहिला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नव्हते. उलट फ्रेंचांनी कॅलिफोर्नियाविषयी जे भाकीत केले होते ते एका बाटलीच्या बाबतीत ठरले असे म्हणता येईल. फ्रीमार्क ॲबीचा १९६९ चा द्राक्षारस १९७६ साली दहावा होता, आणि २००६ सालीही तो दहावाच आला.