बडोद्याची स्वरलिपी आणि पटकथेची फाइल

बडोद्यात १८८६ साली गायनशाळा निघाली आणि महाराज सयाजीराव गायकवाडांनी ती गायक मौलाबक्ष यांच्या हाती सोपवली. गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात उतरणारी विद्या वर्गभर मुलांना एकदम शिकवायची, तर ती कागदावर यायला हवी. मौलाबक्षांनी विलायती स्वरलेखनातल्या (स्टाफच्या) पाच रेघा उसन्या घेतल्या नाहीत. सरगमच्या अक्षरांवरून त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि तिच्यात पाठ्यपुस्तके काढली. १९१६मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही याच शहरात.

गायनशाळेपाठोपाठ १८९०मध्ये कलाभवन उभे राहिले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके इथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागलेल्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला आवाज नव्हता, प्रेक्षकांसमोर येणारे शब्द पाट्यांवरचे. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला आणि गायनशाळेसारखीच इथेही, संवाद नीट लिहून, सगळ्यांना वाचता येईल असे कागदावर मांडण्याची निकड वाढली. भारतात अनेकांनी कागदाचे उभे दोन भाग केले: डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद. हॉलिवूडची पद्धत टाइपरायटरवर घडली. १२ पॉइंटांचा कुरिअर टाइप, संवाद पानाच्या मध्ये, पात्राचे नाव कॅपिटलमध्ये, आणि ढोबळमानाने एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट.

आजची पटकथेची सॉफ्टवेअरे याच टाइपरायटरच्या पोटी जन्मली, आणि नव्या मराठी लेखकाची अडचण इथूनच सुरू होते. ‘फायनल ड्राफ्ट’ची एफडीएक्स फाइल घ्या किंवा २०१२मध्ये आलेले ‘फाउंटन’. फाउंटन ही साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते, म्हणून शिकणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पण ओळ पूर्ण कॅपिटलमध्ये दिसली की फाउंटन तिला पात्राचे नाव मानते, आणि ‘आयएनटी’, ‘ईएक्सटी’ या इंग्रजी अक्षरांवरून दृश्याचा मथळा ओळखते. देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. ‘तारामती’ कितीही ठळक लिहा, तिला फाउंटन साधे वर्णन समजेल.

उपाय फाउंटनच्या नियमांतच आहे. पात्राच्या नावाआधी @ ही खूण घालायची आणि मथळ्याआधी एक टिंब. म्हणजे ‘@तारामती’ आणि ‘.आत. राजवाडा. रात्र’. एक पान एक मिनिट हा हिशेब मात्र देवनागरीत जसाच्या तसा धरू नये: कुरिअरमधली सगळी अक्षरे सारख्या रुंदीची, आपली नाहीत. वेळ मोठ्याने वाचूनच मोजावी.

त्याहून जपायची गोष्ट म्हणजे लिपीचा संकेत (एन्कोडिंग). श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत; तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर संहिता उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा जुन्या संहिता युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. नवी संहिता पहिल्यापासून युनिकोडमध्ये लिहावी, मूळ फाइल फाउंटनमध्ये ठेवावी आणि निर्मात्याला वाचायला पीडीएफ द्यावी.