यंत्राला फिल्म भरवणारे हात

मंडळी, 'रोबोट' हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक लेखकाने, १९२० सालच्या 'आर. यू. आर.' नाटकातून. त्याच्या मुळाशी आहे 'रोबोटा', म्हणजे चक्क वेठबिगारी! मराठीत आपण त्याचा 'यंत्रमानव' केला आणि त्यातली वेठ गायब झाली. स्त्रीवादी अभ्यासक एआयबद्दल नेमकं हेच विचारतात: यंत्र आपोआप चालतंय म्हणता, मग मागे वेठीला कोण आहे? याचं एक झकास उदाहरण आपल्या नाशिकच्या इतिहासात आहे.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. तिथून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. तेव्हा कच्च्या फिल्मला ही भोकं नसायची, आणि भोकांशिवाय कॅमेऱ्यातली फिल्म पुढे सरकणारच नाही. आता थोडा हिशोब करू. फुटाला १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडा मिळून ८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. म्हणजे एका प्रतीला साडेचार लाखांहून जास्त भोकं! पाडणारं यंत्र होतं हे खरं, पण त्याला अंधारात फिल्म भरवायला हात लागतातच.

ते हात होते सरस्वतीबाई फाळके यांचे. दिवसभर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक, रात्री फिल्मचं काम. रसायनं मिसळायची, फिल्म डेव्हलप करायची, शूटिंगला ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं. दागिनेही त्यांचेच विकले गेले. १९१३ मध्ये बिऱ्हाड नाशिकला हललं, तेव्हा हे सगळं कामही सोबत आलं.

गंमत बघा. 'हरिश्चंद्र'मधली तारामती होते अण्णा साळुंके. नाशिकच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच! मधल्या काळात 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले येऊन गेल्या होत्या, तरीही. म्हणजे पडद्यावर दिसणारी बाई पुरुष होता, आणि पडद्यामागे खरोखर राबणारी बाई दिसत नव्हती.

आता आपल्या धंद्याकडे या. २०११ ला सिरी आली, २०१४ ला अलेक्सा. दोघींनी अमेरिकेत बाईच्याच आवाजात बोलायला सुरुवात केली. सांगाल ते ऐकणार, शिवी दिली तरी गोड बोलणार. युनेस्कोने २०१९ च्या अहवालात यावरच बोट ठेवलं. इथे पुढे बाईचा आवाज, पण बाई नाही. मागे? 'इमेजनेट'च्या लाखो चित्रांना लेबलं लावली ती १६७ देशांतल्या सुमारे ४९,००० लोकांनी, तुकड्या-तुकड्याच्या मजुरीवर. कोलकात्याच्या मेटियाब्रुझमध्ये एका केंद्रात हे काम प्रामुख्याने स्थानिक मुस्लिम मुली करत आल्या आहेत. चॅटजीपीटीसाठी घाणेरडा मजकूर वाचून वेगळा करणाऱ्या केनियातल्या कामगारांना तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मिळत होते, हे २०२३ साली 'टाइम'ने छापलं.

कुणी म्हणेल, कल्पना फाळक्यांची होती, भोकं काय कुणीही पाडेल. कल्पना त्यांचीच, यात वादच नाही. पण 'कुणीही करेल' हे वाक्य जरा तपासून बघा. १९४६ ला एनिॲक लोकांसमोर आला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. तेव्हा तेही दुय्यम काम समजलं जायचं. पुढे त्याच कामाला पगार आणि प्रतिष्ठा आली, आणि त्यात पुरुषांची गर्दी झाली. काम तेच, फक्त भाव बदलला.

घरात झालं की 'साथ', कारखान्यात झालं की 'काम', ही वाटणी यंत्र करत नाही, आपण करतो. आणि ती नुसत्या मानाची गोष्ट नाही. नाव नाही तर पगाराची घासाघीस नाही, आणि चित्रात काय आहे हे ठरवणाऱ्या माणसाला 'हे लेबलच चुकीचं आहे' असं म्हणायची सोयही नाही. मग तीच चूक मॉडेलमध्ये मुरते.

सरस्वतीबाई आपल्याला ठळकपणे भेटल्या त्या बहुधा २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये, शंभरेक वर्षांनी. आजच्या लेबलं लावणाऱ्या मुलींनाही इतकंच थांबायला लावायचं का? पुढच्या डेमोच्या शेवटच्या स्लाइडवर टीमची नावं टाकाल, तेव्हा डेटा कुणी तयार केला हेही लिहा. आणि त्या आधी, त्यांना किती पैसे मिळाले ते विचारा.