बैगांची बेवर

अमरकोशांत नर्मदेचें ‘मेकलकन्यका’ असें एक नांव आहे. ज्या मेकल पर्वताची ती कन्या, त्याच्या सालवृक्षांच्या अरण्यांत बैगा नांवाची आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. श्रोत्यांनीं नकाशा पुढें ठेवला, तर मध्यप्रदेशांतील मंडला, दिंडोरी व बालाघाट हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला छत्तीसगडांतील कवर्ध्याचा मुलूख, एवढा हा टापू भरेल. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत या लोकांचें नांव सहसा आढळत नाहीं. परंतु अरण्य आणि माणूस यांचें नातें तोडलें म्हणजे काय होतें, हें त्यांच्या इतिहासाइतक्या स्पष्टपणें क्वचितच कोठें दिसेल.

बैगा नांगर धरीत नसे. धरतीमातेची छाती नांगरानें फाडूं नकोस, असें सृष्टीच्या आरंभीं भगवंतानें नंगा बैगास, म्हणजे त्यांच्या मूळपुरुषास, बजावलें अशी त्यांची श्रद्धा. त्यांची शेती म्हणजे बेवर. डोंगरउतारावरील लहानसा तुकडा निवडून तेथील झाडेंझुडपें तोडावयाचीं, उन्हांत वाळूं द्यावयाचीं, पाऊस तोंडावर आला कीं पेटवून द्यावयाचीं आणि त्या राखेंत बीं फेंकावयाचें. कोदो (कोंकणांत ज्यास हरीक म्हणतात तें), कुटकी, मका, तूर, काकडी, भोपळा असें नाना जातींचें बीं एकाच तुकड्यांत पडे. पावसानें दगा देऊन एक पीक बुडालें, तरी दुसरें कांहींतरी हातीं लागे. दोन-तीन वर्षांनीं तो तुकडा सोडून देत. राहिलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटत, आणि पुढें कित्येक वर्षें तेथें कुऱ्हाड फिरत नसे.

बेवरींत उणें पडे तें अरण्य भरून काढी. चैत्रांत मोहाचीं फुलें, मग चारोळीचीं व टेंभुर्णीचीं फळें, पावसाळ्यांत सालाखालच्या अळंब्या आणि बांबूचे कोंब, नंतर रानांतील कंद. शिवाय मध आणि झाडपाल्याचीं औषधें. या औषधांच्या व मंत्रांच्या बाबतींत बैगाचा शब्द एवढा मानला जाई कीं, दुखणें आलें किंवा गांवाच्या शिवेवर वाघाचा उपद्रव झाला म्हणजे शेजारचे गोंडदेखील त्यालाच बोलावीत.

१८६१ मध्यें इंग्रजांनीं मध्यप्रांत निर्माण केला व नागपूर ही त्याची राजधानी झाली. त्याच सुमारास देशांत लोहमार्ग पसरत होते, आणि रुळांखालच्या स्लिपरांसाठीं सालाच्या लांकडास मोठी मागणी आली. सरकारी हिशेबांत साल म्हणजे माल आणि बेवर म्हणजे नासाडी. १८६५ चा व त्याहून कडक असा १८७८ चा जंगल कायदा झाला. चांगलीं चांगलीं अरण्यें राखीव ठरलीं आणि बेवरीवरची बंदी एका भागांतून दुसऱ्या भागांत सरकत गेली. बैल आणि नांगर देऊन बैगांना शेतकरी बनविण्याचे प्रयत्न झाले, पण ते फारसे फळले नाहींत. अधिकाऱ्यांची बाजू सर्वस्वीं खोटी होती असें नाहीं. बेवरीच्या आगींत किमती झाडें जळत, हें खरेंच. तथापि पिढ्यान्‌पिढ्या बेवर चालूनहि तें अरण्य ठेकेदारांना इतकें भरगच्च सांपडलें कसें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला असता तर बरें झालें असतें.

१८९० मध्यें मंडला जिल्ह्याच्या रामगड तहसिलींत सुमारें २४ हजार एकरांचा एक तुकडा तोडून ‘बैगा चक’ स्थापण्यांत आला. तेवढ्या हद्दींत बेवरीस परवानगी. ही जागा निवडण्याचें कारण मोठें मासलेवाईक आहे: गाडीरस्ता नसल्यानें तेथील लांकूड बाहेर काढणें परवडणारें नव्हतें! चकाबाहेरच्या बैगांचें काय, याचें उत्तर १८९२ च्या त्यांच्या अर्जांत मिळतें. घरांत दाणा नाहीं. कुऱ्हाड हीच काय ती दौलत. अंगावर वस्त्र नसल्यानें थंडीची रात्र शेकोटीपाशीं काढावी लागते. दुसरीकडे जावें तर तेथेंहि हेंच सरकार. तुरुंगांतल्या कैद्यालासुद्धां पोटभर अन्न मिळतें, मग आमचाच अपराध काय, असें त्यांनीं विचारलें होतें. त्या काळच्या सरकारी दप्तरांत इतका सरळ प्रश्न विरळाच.

पुढें १९३२ मध्यें व्हेरिअर एल्विन हा इंग्रज आणि त्याचे मराठी स्नेही शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें येऊन राहिले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत त्यांची मैत्री जडली होती. एल्विनचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ मध्यें निघाला. बाहेरच्यांचा उपसर्ग न होतां आदिवासींना आपल्या रीतीनें जगतां येईल असें राखीव क्षेत्र असावें, ही त्यांतील सूचना. मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९४३ च्या आपल्या ग्रंथांत या अलगपणास कसून विरोध केला. आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, असा त्यांचा पक्ष. वाद विद्वत्तेचा झाला खरा. पण कुंपण घालावें कीं पाडावें यावरच दोन्हीकडचा भर राहिला, आणि आंतील जमिनीवर कोणाचा हक्क, हा बैगांचा मूळ प्रश्न बाजूस पडला.

स्वराज्यांतहि तो लगेच सुटला नाहीं. १९५५ मध्यें कान्हा राष्ट्रीय उद्यान झालें, १९७३ मध्यें तेथें व्याघ्रप्रकल्प आला, आणि त्या क्षेत्रांतील बैगांचीं गांवें उठवून अन्यत्र वसविण्यांत आलीं. ज्याला वाघाचा बंदोबस्त करण्यास बोलावीत, त्यालाच वाघासाठीं घर सोडावें लागलें.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें मात्र अतिदुर्बळ जमातींच्या वसतिस्थानावरील सामुदायिक हक्क प्रथमच मान्य केला. त्याच्या आधारें २०१५-१६ च्या सुमारास बैगा चकांतील सात गांवांना हा हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळालेली ही पहिलीच वस्ती. पहिल्या अर्जानंतर तोंवर सव्वाशे वर्षें होत आलीं होतीं. बेवर आतां त्या मुलुखांत फार थोडी उरली आहे. बरेच बैगा नांगर धरूं लागले आहेत. मोहाचीं फुलें वेंचावयास मात्र चैत्रांत पहांटे टोपल्या घेऊन बायकामुलें अजून अरण्यांत जातात.