भावाभावांच्या लढाईचे गाणे

परशत्रूशी झालेल्या लढाईचे पोवाडे होतात. भावाभावांच्या लढाईचे गाणे कोणत्या तोंडाने गावे? आयर्लंडमध्ये हा प्रश्न विल्यम बटलर येट्स याच्यापुढे उभा राहिला. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ची १९१२ सालची प्रस्तावना याच कवीची होय.

डिसेंबर १९२१ मध्ये इंग्लंडशी तह झाला, आणि तो मानणारे व न मानणारे असे आयरिश देशभक्तांचे दोन तट पडले. २८ जून १९२२ रोजी यादवी पेटली. त्या उन्हाळ्यात येट्स गॉलवे परगण्यातील बॅलिली येथे एका जुन्या दगडी बुरुजात राहत होता. वर्तमानपत्रे येत नव्हती, खरी बातमी कळत नव्हती. ऑगस्टमध्ये बुरुजालगतचा पूलही उडविण्यात आला. खिडकीशेजारी भिंतीच्या भोकात ‘स्टेअर’ पक्ष्याचे घरटे होते. हा पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला. ‘द स्टेअर्स नेस्ट बाय माय विंडो’ या कवितेत कवी त्या ओस घरट्यात मधमाश्यांना बिऱ्हाड करण्यास बोलावतो.

कवितेची चार कडवी असून प्रत्येकात पाच ओळी आहेत. ओळीत सामान्यतः चार आघात पडतात. पाचवी ओळ पालुपदाची; आपल्या अभंगातील धृपदाप्रमाणे ती पुन्हा पुन्हा येते. तिचा शेवट ‘स्टेअर’ या शब्दाने होतो, म्हणून प्रत्येक कडव्यातील दुसऱ्या ओळीला त्याच्याशी यमक जुळवावे लागते. तीन कडव्यांत ते जुळते. तिसऱ्यात मात्र त्या जागी ‘वॉर’, म्हणजे युद्ध, हा शब्द येतो आणि स्वर फुटतो; शेवटचा ‘र’ तेवढा जुळतो. याच कडव्यात एका तरुण सैनिकाचे प्रेत रस्त्याने नेले जाते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधमाश्यांचे नाव पहिल्या व शेवटच्या कडव्यातच येते. भय आणि रक्त यांच्या मधल्या दोन कडव्यांत हाक तेवढी उरते.

पालुपदाचे शब्द बदलत नाहीत, पण अर्थ बदलत जातो. आरंभी ते साधे निमंत्रण वाटते. प्रेतानंतर ती प्रार्थना होते. शेवटी, अंतःकरणे निर्दय झाल्याच्या कबुलीनंतर, ते प्रायश्चित्त ठरते.

डिसेंबर १९२२ मध्ये येट्स नव्या राज्याच्या सेनेटचा सभासद झाला. म्हणजे त्याची बाजू ठरलेली होती. तरी कवितेत एकाही पक्षाचे नाव नाही. दोष सांगितला आहे तो ‘आमचा’. भावाभावांच्या लढाईचे गाणे गायचे, तर ते बहुधा याच सर्वनामाने गाता येते.