मकोला बाजाराची कहाणी

घानाची राजधानी अक्रा येथे ब्रिटिश अमदानीत, १९२४ साली, मकोला बाजार उभा राहिला. कापड, मासळी, टोमॅटो, भांडीकुंडी यांचा तेथील व्यापार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होता. आईचा धंदा लेकीकडे जाई. एकेका जिनसेच्या विक्रेत्यांची एक प्रमुख असे. तिला ‘राणी’ म्हणत. आपसांतील तंटे तीच मिटवी. बँकेची पायरी न चढणाऱ्या विक्रेत्या ‘सुसू’ जमविणाऱ्याच्या हाती रोज ठरावीक रक्कम ठेवीत. महिनाअखेर एका दिवसाचा भरणा मेहनताना म्हणून ठेवून घेऊन तो बाकीची रक्कम परत करी. त्यातून नव्या मालाची खरेदी होई.

१९६० च्या दशकात कीथ हार्ट या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने अक्राच्या नीमा वस्तीत राहून उत्तरेकडून आलेल्या स्थलांतरितांचा अभ्यास केला. सरकारी हिशेबात ज्यांची नोंद नव्हती, ती माणसे रिकामी नव्हती. अनेक लहानमोठे उद्योग करून ती पोट भरीत होती. या मिळकतीस हार्ट यांनी १९७१ साली ‘अनौपचारिक’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने ही संज्ञा जगभर पोहोचविली. नैरोबीचे कारागीर मात्र स्वतःच्या धंद्यास ‘जुआ काली’, म्हणजे ‘कडक ऊन’, म्हणतात. डोक्यावर छप्पर नसलेल्यांचे हे नाव आम्हांस अधिक बोलके वाटते.

नाव मिळाले, तरी संरक्षण मिळाले नाही. १९७० च्या दशकात घानात कोकोचे उत्पन्न घटले, चलनाची किंमत ढासळली, मालाची टंचाई झाली. सरकारी दर आणि बाजारभाव यांत मोठी तफावत पडली. जून १९७९ मध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली लष्करी राजवट आली. महागाईचे खापर बाजारातील स्त्रियांवर फुटले. काहींना भर लोकांत फटके मारण्यात आले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सैनिकांनी मकोल्याचा मुख्य बाजार जमीनदोस्त केला.

साठेबाजी कोणीच करीत नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु टंचाईचे मूळ बाजारात नव्हते. म्हणून बाजार पाडल्याने ती संपलीही नाही. चुकलेले धोरण डोळ्यांना दिसत नाही. टोपली घेऊन बसलेली बाई दिसते, आणि शिक्षा तिच्या वाट्याला येते. त्या स्त्रिया मात्र आसपासच्या रस्त्यांवर पुन्हा माल मांडून बसल्या. अक्रा शहराला त्यांच्यावाचून जेवता येत नव्हते.