वणव्यापुढें लावलेली आग

आपल्या सह्याद्रींत वणवा लागतो तो बहुधा माणसाच्याच हातून. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांत मात्र विजेनें लागणारे वणवे फार. तेथें उन्हाळ्यांत कोरडीं वादळें होतात. पाऊस जमिनीवर पोंचण्यापूर्वींच हवेंत विरून जातो आणि वीज तेवढी खालीं येते.

१९१० सालीं ऑगस्टच्या २० व २१ तारखांस आयडाहो व माँटॅना संस्थानांतील अनेक वणवे, कांहीं विजेचे तर कांहीं आगगाडीच्या ठिणग्यांचे, सोसाट्याच्या वाऱ्यानें भडकून एक झाले. सुमारें ३० लक्ष एकर रान जळालें. ८० हून अधिक माणसें मेलीं. जंगलखातें तेव्हां अवघें ५ वर्षांचें होतें. त्या धसक्यानें त्यानें वणवा तेवढा शत्रु मानला. १९३५ सालीं नियमच झाला कीं, वर्दी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं १० च्या आंत वणवा आटोक्यांत यावा. जेथें रस्ता नाहीं, तेथें १९४० पासून विमानांतून हवाई छत्रीनें माणसें उतरवूं लागले.

अशीच १५ माणसें, बहुतेक विशीच्या आसपासचीं, ५ ऑगस्ट १९४९ रोजीं माँटॅनांतील मॅन गल्च नांवाच्या निर्जन घळींत उतरलीं. आदल्या दिवशीं वीज पडून तेथें आग लागली होती. एक पहारेकरी आधींच तिच्याशीं झुंजत होता. तोहि त्यांना मिळाला. रेडिओची छत्री उघडली नाहीं, तो फुटला. नायक वॅग्नर डॉज सर्वांना मिसूरी नदीकडे नेत होता, तों आग घळ ओलांडून समोर आली. सारे उलट फिरून चढण चढूं लागले. पण चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून तें आधींच तापवितात. तेथें माणसाचे पाय आगीपुढें टिकत नाहींत.

तेव्हां डॉजनें काडी ओढून पुढचें गवतच पेटविलें, आणि त्या राखेंत शिरून सोबत्यांना हांका मारल्या. कोणीहि आलें नाहीं. मला त्यांत नवल वाटत नाहीं. पूर्वीं कधीं न शिकविलेला धडा त्या घटकेस कोण समजून घेणार? माळरानावरील जुन्या लोकांस ही युक्ति ठाऊक होती, पण या जवानांस ती कोणीं सांगितली नव्हती. डॉज राखेंत पालथा पडून वांचला. दोघे कड्याच्या फटींतून निसटले. १३ जण गेले. डॉजच्या आगीनेंच माझा मुलगा मेला, असा आरोप एका पित्यानें केला. चौकशींत डॉज निर्दोष ठरला. १९५५ सालीं तो वारला.

दहाचा नियम पुढें १९७८ पर्यंत चालला. त्या सुमारास दूरच्या रानांतील विजेचे कांहीं वणवे, नजर ठेवून, जळूं देण्यांत येऊं लागले.