रबराला मानवणारा रंग

जुन्या रबरी बाहुलीला कुठला रंग टिकेल, असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा सगळ्यात कडक रंग हवा असतो. दिल्लीत मी जुनी खेळणी दुरुस्त करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. उत्तर द्यायच्या आधी मी सावंतवाडीचा विषय काढते. माझं माहेर तिथलं, आणि रंग टिकणं म्हणजे काय ते मी चितारआळीतच पाहिलं.

सावंतवाडीला गंजिफा हा पत्त्यांचा खेळ रुजला तो तिथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळात. त्यांची कारकीर्द 1755 ते 1803. हे गोल पत्ते चितारी मंडळी हातांनी करत. थराला थर चिकटवायचा, चिंचोक्याची खळ द्यायची, दगडाने घोटून पृष्ठ गुळगुळीत करायचं, त्यावर मत्स्य, कूर्म, वराह रेखायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. दशावतारी गंजिफेचे पत्ते 120, म्हणजे हे काम किती चिकाटीचं ते कळेल. लाख वाकवली की तडकते. पण खळीने ताठ केलेला तो लहानसा पत्ता खेळताना वाकतच नसे, म्हणून त्यावर लाख शोभली. छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती विद्या पुन्हा जागी केली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. हे काम झालं नसतं तर आज आपल्याला फक्त संग्रहालयांतल्या काचेमागचे पत्ते दिसले असते.

लाकडावर लाख चढवणारे कातारी आणखी वेगळ्या तऱ्हेने काम करतात. लाकूड गरगर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन पसरते आणि लाकडाला धरते. ब्रश नाही, वाळायची वाट पाहणं नाही. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात, तीच ही लाख. लाकूड कडक, लाखही कडक. जोडी जमते.

रबराचं सगळं याच्या उलट. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली, 1844 मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि उन्हात न वितळणारं, थंडीत न तडकणारं रबर हाती आलं. त्यातून चेंडू, बाहुल्या, दाबलं की शिट्टी वाजवणारे प्राणी निघाले. पण त्यांचे गाल, ओठ, बूट रंगवायला लाकडासाठी आणि पत्र्यासाठी केलेले रंग वापरले, की गडबड सुरू होते. तेलाचा रंग वाळल्यावरही वर्षानुवर्षं कडक होत राहतो. पोराने पोट दाबलं की रबर आत जातं, रंगाला जाता येत नाही, आणि पोपडे निघतात. जुना पांढरा रंग शिशाचा असेल तर गंधकाच्या संगतीने तो काळवंडतो. तांबं आणि मँगनीज तर रबराचे वैरीच, त्यांच्यामुळे रबर लवकर जुनं होतं. अंबर या तपकिरी मातीत मँगनीज असतं, म्हणून बाहुलीचे केस रंगवायला मी ती कधीच घेत नाही. तपकिरी छटा मी लाल, पिवळा आणि काळा मिसळून जमवते.

मग रबरावर टिकतं काय, हे मला कळलं दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर. इंग्रजांच्या काळात हा लिटन रोड होता. दिल्लीतल्या मराठी माणसाला तो ठाऊक असतो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. गावाकडचं कुणी सदनात उतरलं की माझ्यासाठी एखादं जुनं खेळणं पिशवीत असतंच. पण रंगाचं उत्तर मला मिळालं ते याच रस्त्यावरच्या नाटकवाल्यांकडून. इथे कमानी आणि एलटीजी ही नाट्यगृहं आहेत, टोकाला मंडी हाउसचा चौक, तिथेच रवींद्र भवन. हबीब रहमान यांनी रचलेल्या या वास्तूत संगीत नाटक अकादमी आहे आणि तिच्या संग्रहात मुखवटे आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. रबरी मुखवटा घालून नट हसतो, ओरडतो, तरी रंग निघत नाही, कारण मुखवटे रंगवणारे रंगात लवचिक चिकटद्रव्य घालतात. हॉलिवूडचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी ॲक्रिलिक रंगात त्वचेला लावायचं चिकटद्रव्य मिसळून असंच मिश्रण रूढ केलं. मी खऱ्या रबरावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, त्यात थोडं द्रव लॅटेक्स, असे पातळ हात देते. आधी कोमट पाणी आणि सौम्य साबण. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन अजिबात नाही, त्याने रबर फुगतं. पहिला हात तळपायावर, दोन दिवस थांबून तिथे दाबून बघायचं. जुना रंग जितका धरून असेल तितका ठेवायचा, नवा फक्त गेलेल्या जागी. कुणी सगळं खरवडून नवंकोरं करा म्हटलं तर मी नम्रपणे नाही म्हणते.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागते. घरात 'रबराची' म्हणून सांभाळलेली पुष्कळ खेळणी प्रत्यक्षात मऊ व्हिनाइलची असतात. रबर जुनं झालं की कडक होतं, भेगाळतं. व्हिनाइल चिकट होतं, कारण त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. त्यावर साधा इनॅमल लावला तर तो महिनोन्‌महिने बोटाला लागतच राहतो. तिथे व्हिनाइलसाठीच बनवलेला रंग हवा.

रंग टिकला तरी तो मुलांसाठी सुरक्षितही हवा. मंडी हाउसहून सिकंदरा रोडने टिळक पुलाखालून गेलं की बहादूरशाह जफर मार्ग लागतो. नेहरू हाउसमध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 मध्ये उघडलेलं बाहुल्यांचं संग्रहालय आहे, आणि त्याच रस्त्यावर भारतीय मानक ब्युरोचं मानक भवन. भारतात खेळण्यांना मानकचिन्ह सक्तीचं झालं 1 जानेवारी 2021 पासून. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम त्याआधीच, नोव्हेंबर 2017 मध्ये लागू झाला. त्यामुळे आजीची बाहुली नातीला खेळायला द्यायची असते तेव्हा मी आईवडिलांना स्पष्ट सांगते: वरचा हात माझा असला तरी खालचा रंग जुना आहे, त्यात शिसं असू शकतं. तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती ती देऊ नका. मोठ्या मुलीने हात धुऊन, जपून खेळावं.

आणि ज्या बाहुलीचं रबरच संपलंय, बोट लावलं की भुगा पडतो, तिला मी रंग लावत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात हवेतला ओझोन वाढतो, आणि ताणलेल्या रबराला तो आडव्या भेगा पाडतो. अशा बाहुलीला आत मऊ कागद भरून, ताण न येईल अशी, अंधाऱ्या थंड कपाटात खोक्यात निजवायला सांगते, आणि तिचे जसे आहेत तसे फोटो काढून ठेवते.